सुनेच्या पुस्तकातली दोन पानं

«नमस्कार. मी ६८ वर्षांची आहे. एडिसन, न्यू जर्सी इथे मुलाकडे राहते. सून कृष्णवर्णीय अमेरिकन आहे, शाळेत लायब्ररियन. लग्नाला नऊ वर्षं झाली. मला ती आई म्हणते. आता मराठी बऱ्यापैकी समजतं तिला, नातीला झोपवताना अंगाईसुद्धा म्हणते. गेली चार वर्षं ती स्वतःच्या आयुष्यावर लिहीत होती. ते पूर्ण झालं. पुढच्या महिन्यात इथल्या वाचनालयात त्यातला काही भाग ती वाचून दाखवणार आहे. मागच्या रविवारी तिने कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला, वर एक पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, "आई, आधी तुम्ही वाचा."

सुरुवातीला नुसती जनगणनेचीच पानं आहेत, कंटाळा येतो. मग जॉर्जियाहून नेवार्कला आलेल्या तिच्या आजीबद्दल आहे. आजीचं बोलणं अशुद्ध आहे तसंच ठेवलंय. आणि मग दोन पानं आमच्या पुण्यातल्या लग्नाची. फोटोत नीट दिसावं म्हणून मी तिला पार्लरमध्ये नेऊन केस सरळ करून घेतले, तेव्हा तिची टाळू भाजली होती. हळदीला माझ्या मोठ्या जाऊबाई तिच्या रंगावरून एक वाक्य बोलल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले. ती लिहिते, "त्या काय म्हणाल्या ते आजवर मला कोणी सांगितलं नाही. आईंचं हसणं मात्र आठवतं." ते वाक्य मी तुम्हाला वेगळ्या कागदावर लिहून पाठवते आहे.

आमचे हे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलगा गप्प आहे. मी तिला लेकीसारखं वागवलं. नऊ वर्षं केलेलं काहीच दिसलं नाही का तिला? चांगली नोकरी आहे, घर आहे, मग जुनी दुखणी कशाला उगाळायची? ती दोन पानं काढून टाक, हे तिला न दुखावता कसं सांगू? — एक सासू»

ताई,

सांगू नका.

हे आधीच लिहून टाकलं, कारण उत्तर काय येतंय या काळजीत तुम्ही असणार. आता सावकाश बोलू.

तुमच्या पत्रातले दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले: "मीही हसले." हे तुम्ही मला सांगितलं नसतंत तरी चाललं असतं. जाऊबाईंवर ढकलून मोकळं होता आलं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत. तेवढ्या एका गोष्टीच्या भरवशावर मी पुढचं सगळं स्पष्ट लिहिते आहे.

आधी ती जनगणनेची पानं परत काढा. तुमच्या सासरचं कोणी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं असेल तर ठाऊक असेल, तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबा-खापरपणजोबांची नावं गावासकट निघतात. बायकांची फारशी निघत नाहीत, ते दुःख वेगळं. पण घराणं सापडतं. सुनेच्या माणसांसाठी अशी वही कोणी ठेवलेली नव्हती. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे तक्ते वेगळे असत. वर मालकाचं नाव, खाली ओळीने वय, स्त्री की पुरुष, रंग. गुलामाच्या नावासाठी रकानाच नव्हता. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली आणि १८७० च्या जनगणनेत ही सुटलेली माणसं पहिल्यांदा इतरांसारखी नावानिशी नोंदली गेली. आपल्या पूर्वजांचा माग काढणारी कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबं १८७० पर्यंत येऊन थांबतात. त्याच्या मागे "स्त्री, वय ११, काळी" अशा ओळी आहेत, आणि त्यातली आपली कोणती हे सांगणारं कोणी नाही.

जिच्या घराण्याची गोष्ट अशा कागदापाशी येऊन अडते, ती बाई "मी" या शब्दाने वाक्य सुरू करते तेव्हा काय करत असते, याचा विचार करा. तुम्ही ज्याला उगाळणं म्हणता, ते तिच्या लेखी नाव लिहिणं आहे. स्वतःचं, आजीचं, आणि जिचं नाव सापडलं नाही तिच्या रिकाम्या जागेचंही.

आता तुम्हाला एका बाईबद्दल सांगते, जरा लांबलं तरी. हॅरिएट जेकब्स. १८१३ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टन गावी गुलाम म्हणून जन्मली. पहिल्या मालकिणीने तिला लिहावाचायला शिकवलं होतं. ती मालकीण वारली तेव्हा मृत्युपत्राने हॅरिएट तिच्या लहानग्या भाचीच्या मालकीची झाली, आणि भाचीचा बाप, डॉक्टर नॉरकॉम, या कोवळ्या मुलीच्या मागे लागला. त्याच्या तावडीतून सुटण्यासाठी तिने गावातल्या दुसऱ्या एका गोऱ्या वकिलाशी संबंध ठेवले. त्याच्यापासून दोन मुलं झाली. शेवटी १८३५ साली ती पळाली, पण काही दिवस इकडेतिकडे लपून मग गेली कुठे, तर आजीच्या घरी. आजी तोवर स्वतंत्र झाली होती. घराला लागून एक कोठी होती, तिच्या छपराखाली एक पोकळी. ९ फूट लांब, ७ फूट रुंद, आणि सगळ्यात उंच जागी ३ फूट. त्या पोकळीत ती जवळजवळ ७ वर्षं राहिली. उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता. फळीला बारीक भोकं पाडून ती खाली खेळणारी आपली मुलं बघायची.

तिथे बसून तिने डॉक्टरला चकवण्यासाठी पत्रं लिहिली. ती न्यूयॉर्कला पाठवून तिथल्या टपालात टाकायची व्यवस्था केली, म्हणजे त्याला वाटावं ही उत्तरेत पोहोचली. त्यातलं एक आजीच्या नावे होतं. ते डॉक्टरच्या हाती लागलं. तो आजीकडे आला आणि त्याने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. पण जे वाचलं ते तिचं पत्र नव्हतंच, त्याने स्वतः रचून आणलेला मजकूर होता. हॅरिएट आडून ऐकत होती. आपल्याच नावाने दुसरं कोणी बोलतंय आणि आपल्याला तोंड उघडता येत नाही, अशी.

१८४२ मध्ये ती उत्तरेकडे निसटली. न्यूयॉर्कमध्ये एका घरी मूल सांभाळायची नोकरी धरली. एमी पोस्ट नावाच्या मैत्रिणीने आग्रह धरला की हे सगळं लिही. तिला संकोच होता, तो त्या दोन मुलांच्या जन्माचा. लग्नाविना झालेली मुलं, त्या काळी, हे कागदावर कसं आणायचं? मग मदत मिळेल का म्हणून तिने एमी पोस्टमार्फत हॅरिएट बीचर स्टो यांना विचारलं. गुलामगिरीच्या विरोधात लिहिणाऱ्या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या लेखिका. स्टोबाईंनी काय केलं, तर हकीकत खरी आहे का हे पडताळायला ते पत्र जेकब्स जिच्या घरी नोकरीला होती त्या बाईकडेच धाडलं, जिला जेकब्सने मुलांच्या जन्माबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. आणि खरी असेल तर आपल्याच पुस्तकात घेते म्हणाल्या. जेकब्सने नकार दिला. ती स्वतःच लिहायला बसली, घरातली कामं आटपल्यावर, रात्री. १८६१ साली पुस्तक निघालं तेव्हा त्यावर छापलं होतं की हे तिने स्वतः लिहिलं आहे. तरीही पुढे शंभरएक वर्षं बहुतेक अभ्यासक धरून चालले की ही कादंबरी असावी आणि ती संपादन करणाऱ्या गोऱ्या बाईंनीच लिहिली असावी. जीन फेगन येलिन या प्राध्यापिकेने जेकब्सची पत्रं शोधून, एकेक घटना ताडून पाहिली, आणि १९८७ मध्ये ते पुस्तक पुन्हा निघालं तेव्हा कुठे तिचं तिला परत मिळालं.

हे मी तुम्हाला का सांगते आहे? डॉक्टर नॉरकॉमने तिचे शब्द बदलले ते कळण्यासारखं आहे, तो वाईटच होता. पण स्टोबाई चांगल्या होत्या. तुम्ही स्टोबाईंच्या बाजूच्या आहात, ताई. तुमच्या मनात सुनेबद्दल माया आहे, आणि हातात पेन्सिल आहे. कृष्णवर्णीय बायकांच्या गोष्टींवर मायेच्या माणसांनीही फार वेळा पेन्सिल चालवली आहे: हे पुरावा देऊन सांग, हे जरा सौम्य कर, हे आमच्या पुस्तकात शोभेल. तुमच्या सुनेच्या व्यवसायात तिला हे माहीत नसेल असं होणार नाही. सगळं माहीत असून तिने ती पेन्सिल तुमच्यापुढे ठेवली. तिचा धीर मला सगळ्यात जास्त इथे दिसतो, वाचनालयात उभं राहण्यापेक्षाही.

केसांबद्दल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण आजीच्या भागात गॅसवर तापवलेली लोखंडी फणी आली आहे का बघा. तिथल्या कितीतरी घरांत शनिवारी रात्री, दुसऱ्या दिवशीच्या चर्चसाठी, मुलींना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून तापलेल्या फणीने केस सरळ करत. कान हाताने दुमडून धरायचा, हलायचं नाही. मानेवरच्या सगळ्यात दाट कुरळ्या केसांना त्यांच्या बोलीत नावच आहे "किचन". आजी हे का करायची? नातीला शाळेत आणि पुढे नोकरीत कोणी केसांवरून अडवू नये म्हणून. तीही मायाच. आणि अडवत होतेच. इतकं, की केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून, वेण्यांवरून, जटांवरून कोणाला कामावर किंवा शाळेत वेगळं वागवू नये यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पहिला कॅलिफोर्नियाने केला, २०१९ मध्ये. त्याच वर्षी तुम्ही राहता त्या न्यू जर्सीनेही.

मग आता पुण्यातलं पार्लर डोळ्यांपुढे आणा. तुम्ही तिला "फोटोत नीट दिसावं" म्हणून नेलंत. तिच्या डोक्याशी जे तापत होतं ते तुम्हाला केसांचं यंत्र दिसलं. तिला तिथे आजीचं स्वयंपाकघर दिसलं असेल, असं मला वाटतं. परक्या देशात, परक्या भाषेत, लग्नाच्या गडबडीत, नव्या आईला नाही कसं म्हणायचं या पेचात ती बसून राहिली. टाळू भाजली ते तुमच्या हातून नाही. पण "नीट" हा शब्द तुमचा होता. ती दोन पानं त्या शब्दाबद्दल आहेत.

आजीचं "अशुद्ध" बोलणंही राहू द्या. सोजर्नर ट्रुथ या बाई न्यूयॉर्क राज्यात डच बोलणाऱ्या घरात गुलाम म्हणून वाढल्या. डच ही त्यांची पहिली भाषा. त्यांनी १८५१ साली ओहायोत, अॅक्रनला, बायकांच्या हक्कांवर केलेलं भाषण बारा वर्षांनी दुसऱ्या एका बाईंनी छापलं ते दक्षिणेकडच्या गुलामांच्या बोलीत घालून, कारण वाचकांना कृष्णवर्णीय बाई तशीच बोलायला हवी होती. तेव्हापासून सगळे तेच पाठ करतात. कोणी बोली पुसतं, कोणी नसलेली बोली चिकटवतं. आपल्याकडे शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथेचं नाव "माज्या जल्माची चित्तरकथा" असंच छापलं गेलं. ते "माझ्या जन्माची" करून बघा, मोठ्याने म्हणून बघा. बाईच गेली की नाही त्यातून?

आता झाकली मूठ. तुमच्या यजमानांना वाईट वाटतंय हे मी समजते. घरातलं बाहेर जाऊ नये हे आपल्या पिढीच्या हाडीमासी भिनलेलं आहे. माझी एक आत्या दुपारी माजघरात बसून वहीत लिहायची. ती गेली त्याच्या तेराव्या दिवशी घरातल्यांनी ती वही बंबात घातली. कोणी वाचलीसुद्धा नाही, काय निघेल या भीतीने. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, बंबाशेजारी उभी होते, आणि काही बोलले नाही. आत्याचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही आता.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी "जिणं आमुचं" लिहिलं आणि घरच्यांच्या भीतीने वीस वर्षं लपवून ठेवलं. दुकानात बसून, फावल्या वेळात लिहायच्या. त्यांनी गावगाड्याने आपल्या समाजावर केलेला अन्याय लिहिला, तसाच सासवांनी सुनांचा केलेला छळही लिहिला. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा घालत, तोही. घरचं आहे म्हणून झाकलं नाही. या दोन समाजांचं नातं मी ओढूनताणून जोडत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. तुमची सून आणि फलटणच्या बेबीताई एकमेकींना अनोळखी नाहीत. ते पुस्तक इंग्रजीतही आहे. सुनेला आणून द्या, आणि तुम्ही मराठीतलं वाचा.

"नऊ वर्षं केलेलं काहीच दिसलं नाही का?" हा तुमचा प्रश्न मला बोचला, कारण तो खरा आहे. दुसऱ्याच्या पुस्तकात आपण दोन पानांपुरते आणि तेही वाईट क्षणी सापडावं, हे सोसायला कठीण आहे. ब्राझीलमध्ये कॅरोलिना मारिया दे जेझुस नावाची कृष्णवर्णीय बाई साओ पाउलोच्या झोपडपट्टीत भंगार-कागद गोळा करून तीन मुलं वाढवायची आणि कचऱ्यात सापडलेल्या वह्यांत रोजनिशी लिहायची. १९६० साली ती छापली गेली आणि प्रचंड खपली. त्यात शेजाऱ्यांची भांडणं, मारहाण, सगळं होतं. ती वस्ती सोडून निघाली त्या दिवशी शेजाऱ्यांनी दगड मारले. मला तिचं कौतुक आहे, आणि त्या शेजाऱ्यांचंही दुःख कळतं. त्यांना कोणी आधी वाचायला दिलं नव्हतं. उत्तर द्यायला कोणी बोलावलं नव्हतं. तुम्हाला दिलंय, ताई. पानांबरोबर पेन्सिलही दिली आहे. नऊ वर्षांत तुमच्याकडून काहीच मिळालं नसतं, तर तिने तो गठ्ठा तुमच्या हातात ठेवला असता?

काय मागू शकता ते सांगते. जाऊबाईंचं नाव बदल म्हणा, त्या म्हाताऱ्या आहेत, इथे नाहीत. हे वाजवी आहे. जेकब्सनेही डॉक्टरसकट सगळ्यांची नावं बदलली होती. नातीचं खरं नाव नको म्हणा. दिवस, गाव, कोण कुठे उभं होतं यात चूक असेल तर दुरुस्त करा. लेकाला मात्र मध्ये घालू नका. गप्प राहायची सवय त्याला आधीच फार आहे, आणि त्याच्या बायकोने त्याच्याकडून जे ऐकायला हवं होतं ते त्यानेही नऊ वर्षं सांगितलेलं नाही. त्याच्याशी मी वेगळं बोलले असते.

राहता राहिलं ते वाक्य, तुम्ही वेगळ्या कागदावर पाठवलेलं. मी ते इथे छापत नाही. ते माझं नाही, वाचकांचंही नाही. त्या दिवशी त्या मांडवात जेवढ्या बायका होत्या त्या सगळ्यांना ते ठाऊक आहे, आता मलाही ठाऊक आहे, आणि जिच्या अंगावर ते पडलं तिलाच तेवढं ठाऊक नाही. तिच्या पुस्तकात त्या ठिकाणी भोक आहे, आणि ते बुजवू शकेल असं तुमच्याशिवाय कोणी नाही.

या रविवारी नात झोपली की स्वयंपाकघरात दोघीच बसा. चहा करा. त्या पानापाशी या आणि आधी विचारा: "मला ते वाक्य आठवतंय. तुला हवं आहे का?" नको म्हणाली तर तिथेच थांबा, पुन्हा विषय काढू नका. हवं म्हणाली तर जसं बोललं गेलं तसं मराठीत सांगा, मग त्याचा अर्थ सांगा. कमी करू नका. जाऊबाईंचा स्वभावच तसा, हे जोडू नका. मग तुम्ही का हसलात ते सांगा. मोठ्या जावेसमोर गप्प राहायची भीती होती की खरंच हसू आलं होतं, जे असेल ते. ती रडली तर रडू द्या, रागावली तर उठून जाऊ नका.

आणि ती लिहून घेऊ लागली, तर पेन्सिल तिच्याकडे सरकवा.